एकाच पेटीतल्या दोन गोळ्या



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘बंदुकीची गोळी’ असे उत्तर दिले आणि समोरची मंडळी क्षणभर गप्प झाली. त्यांची अडचण मला समजत होती. ज्या खानदेशात १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत, त्याच खानदेशात वसंतातल्या एका प्रसन्न संध्याकाळी कोणी गोळीवर बोलायला उभा राहावा, हे कानाला बरे लागत नाही. मी त्यांना शब्द दिला की, मारावे कसे हे मी सांगणार नाही. ते मला येतही नाही. मी जन्मभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. माझे शस्त्र म्हणजे स्क्रू-गेज. एकाच पेटीतल्या, एकाच नावाच्या, एकाच वजनाच्या दोन गोळ्या एकाच ठिकाणी का जात नाहीत, एवढेच मला सांगायचे आहे. त्यावर चालक हसले आणि मला आजचा दिवस मिळाला.

तसा हा विषय आपल्याला परका नाही. भुसावळहून नागपूर रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात वरणगाव लागते. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १९६४ चा, म्हणजे चीनशी झालेल्या युद्धानंतर दोनच वर्षांनी उभा राहिलेला. पुण्याजवळचा खडकीचा कारखाना त्याहून पुष्कळ जुना, १८६९ चा. आता हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. २०२१ साली ती रचना झाली. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाचा काका, कोणाचा जावई वरणगावला कामाला असेलच. तेव्हा सैनिकाच्या हातातली गोळी आपल्या जिल्ह्यातूनच जाते. पण माझी गोष्ट सैनिकाची नाही. ती माझ्या चुलत्यांची आहे, आणि प्रथम तीच सांगतो. कारण पुढचे सगळे शास्त्र मी त्या एका गोष्टीपायी धुंडाळले.

आमचे गाव शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, परवान्याची रायफल बाळगून होते. भुईमुगात आणि ज्वारीत डुकरे पडत. तेव्हा १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदा झालेला नव्हता आणि शेताचे राखण म्हणून डुक्कर मारणे ही गावात नित्याची गोष्ट होती. आबांचा नेम पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. ते उगाच बार काढीत नसत. जनावर आडवे उभे राहीपर्यंत थांबत, आणि एका गोळीत ते जागच्या जागी बसे.

१९६८ च्या हिवाळ्यात जुनी काडतुसे संपत आली म्हणून आबांनी नवी पेटी आणली. पेटीवर नाव तेच, रंग तोच, किंमत मात्र थोडी जास्त. पुढच्याच आठवड्यात एका पहाटे नाल्याच्या पलीकडे, दीडेकशे मीटरवर, मोठा एकल डुक्कर उभा सापडला. उजेड चांगला होता. आबांनी रायफल माळ्याच्या खांबाला टेकवली, श्वास धरला आणि चाप ओढला. गोळी खांद्यामागे लागायची ती पोटात, पार मागे लागली. डुक्कर झाडीत शिरले. आमचा सालदार रक्ताच्या मागावर पुढे गेला आणि जखमी जनावराने त्याची मांडी फाडली. त्याला बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून एसटीने धुळ्याला नेले. तो वाचला, पण पाय कायमचा अधू झाला.

चार दिवसांनी आबांनी बांधाच्या उंच दरडीला एक कागद लावला आणि सात गोळ्या झाडल्या. मी पंधरा वर्षांचा होतो. शेजारी बसून रिकाम्या पुंगळ्या वेचीत होतो. तीन भोके अशी पडली की वर एक रुपया ठेवला तर झाकून जावीत. उरलेली चार कागदभर विखुरली. आबा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग माझ्या वडिलांना एवढेच म्हणाले, “आते मना हात गया, भाऊ.” त्या दिवसानंतर त्यांनी रायफल उचलली नाही. सालदाराच्या नावे त्यांनी दोन बिघे जमीन करून दिली आणि दर संक्रांतीला त्याच्या घरी स्वतः तिळगूळ घेऊन जात.

हात खरोखरच गेला होता काय? हा प्रश्न मला आजवर सोडीत नाही.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बंदूक म्हणजे ठासणीची. शिंगातून दारू नळीत ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या, मग शिशाची गोळी, पुन्हा काथ्या, आणि गजाने ठासायचे. मुठीचा अंदाज हाच तराजू. गोळी घरीच साच्यात ओतलेली. कुठे बुडबुडा राहिला, कुठे खाच. ‘फुसका बार’ हा शब्द आपण आज पुढाऱ्यांच्या भाषणाला लावतो, पण तो या बंदुकीपासूनच आलेला. आणि ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हेही जाता जाता सांगून ठेवतो. १८१९ साली वाघाच्या मागे निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला आपल्या शेजारची अजिंठ्याची लेणी दिसली. त्याच्या काळापर्यंत बहुतेक बंदुका अशाच गुळगुळीत नळीच्या होत्या, आणि शंभर पावलांपलीकडे त्यांचा भरवसा कोणी धरीत नसे.

ती गोळी वाकडी का जाते, याचा विचार पहिल्यांदा नीट केला बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली त्याचे पुस्तक निघाले. गोल गोळी नळीला घासत बाहेर येते, त्यामुळे ती वाटेल तशी गरगरते आणि त्या गरगरण्याने हवेत वळते, असे त्याचे म्हणणे. लोकांना पटेना. तेव्हा त्याने एका बंदुकीच्या नळीचे टोक मुद्दाम डावीकडे वाकवले. गोळी प्रथम डावीकडे निघाली आणि पुढे जाऊन उजवीकडे वळली! हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रास किनाऱ्यावरच्या फोर्ट सेंट डेव्हिड इथे वारला.

गरगरणे टाळता येत नसेल तर ते आपल्या सोयीचे करून घ्यावे; नळीच्या आतले आटे हेच करतात. आट्यांतून जाताना गोळी पिळली जाते आणि भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत पुढे जाते. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तशी ही गोळी नाकाच्या रोखाने जाते. गोळीही गोल राहिली नाही; लांबट, टोकदार झाली. आत शिशाचा गाभा, बाहेर तांब्याची खोळ.

इथून आपल्या विषयाचा गाभा सुरू होतो. अमेरिकेत आणि युरोपात असे हजारो शिकारी आहेत, जे तयार काडतूस विकत घेत नाहीत. पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी वेगवेगळी आणतात आणि घरच्या टेबलावर स्वतः काडतूस भरतात. ठासणीचाच वारसा म्हणा, पण केवढा फरक! दारू ते काट्यावर तोलतात, पुंगळ्या एका लांबीच्या कापून घेतात, प्रत्येक गोळी किती खोल बसली ते मोजतात. आपल्याकडे हे परवान्याशिवाय करणे १९५९ च्या शस्त्रकायद्याने गुन्हा आहे, तेव्हा कृपा करून कोणी घरी प्रयोग करू नयेत. पण त्यांच्या उद्योगातून एक गोष्ट स्वच्छ कळते. माणसाने आपल्या हातातले सगळे दोष एकेक करून काढून टाकले, तरी एक वस्तू त्याला आयती घ्यावी लागते. ती म्हणजे गोळी. आणि त्यांची कायमची तक्रार हीच की, एका पेटीतल्या गोळ्या मुठीएवढ्या जागेत पडतात. तेच नाव, तेच वजन असलेल्या दुसऱ्या पेटीतल्या सूपभर पसरतात.

आपण म्हणाल, वजन करून निवडाव्यात. आपल्या सराफ बाजारात तर मिलिग्रॅमपर्यंत तोलणारे काटे आहेत. खरे आहे, आणि ते लोक तसे करतातही. पण वजन सारखे असणे पुरेसे नाही. असे समजा की गोळीची खोळ एका बाजूला किंचित जाड आणि दुसऱ्या बाजूला किंचित पातळ आहे. वजन तेच भरेल. सराफाचा काटा काही बोलणार नाही. पण शिसे तांब्याहून जड, त्यामुळे गोळीचा भार मध्यावर न राहता एका अंगाला सरकेल. भोवऱ्याची आर मध्यावर बसलेली नसली की काय होते, ते इथल्या प्रत्येकाने लहानपणी पाहिले आहे.

किती सरकला तर किती बिघडेल? हा हिशेब मी फळ्यावर विद्यार्थ्यांकडून करवून घेत असे. ७.६२ मिलिमीटरची लष्करी गोळी घ्या. वजनाने ती साडेनऊ ग्रॅमच्या आत, सराफाच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याहून थोडी हलकी. नळीतून ती सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते आणि आटे बारा इंचांत एक फेरा देतात. म्हणजे सेकंदाला पावणेतीन हजार फेरे. मिनिटाचे पाहाल तर एक लाख पासष्ट हजार. आता भार मध्यापासून एक शतांश मिलिमीटर सरकला आहे असे धरा. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी याच्या पाचसातपट असते. नळीत असेतोवर नळी गोळीला धरून ठेवते. गोळी तोंडाबाहेर पडली की तो सरकलेला भार, गोफणीतला दगड दोरी सुटताच ज्या दिशेने असेल त्या दिशेने सुटतो, तसा गोळीला बाजूला ओढतो. हा बाजूचा वेग सेकंदाला सुमारे सतरा सेंटिमीटर येतो. मुंगी पळावी तसा! पण शंभर मीटर जाईतो गोळी त्याने दोन सेंटिमीटर बाजूला जाते, आणि पाचशे मीटर जाईतो दहा सेंटिमीटर. कोणत्या बाजूला, ते त्या क्षणी जड अंग कुठे होते यावर अवलंबून. एक गोळी डावीकडे, दुसरी उजवीकडे गेली तर दोन्हींत वीतभर अंतर पडले. नेमबाजाचा हात देवाचा असला तरी पडले.

वेगाचेही तसेच. दारूच्या कमीजास्तीने एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला दहा मीटर कमी असेल, तर शंभर मीटरवर ती सुमारे दोन मिलिमीटर खाली लागेल. ते कोणाला दिसणारही नाही. पाचशे मीटरवर तीच सहा सेंटिमीटर खाली जाते. अंतर पाचपट झाले आणि चूक तीसपट! म्हणून गावठाणातल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली गोळी डोंगरापलीकडे नापास होते.

खोळ एका बाजूला जाड का होते, हे पाहायचे तर कारखान्यात डोकवावे लागेल. तांब्यात थोडे जस्त मिसळलेल्या पत्र्याच्या चकत्या कापतात, त्यांची वाटी करतात आणि ती वाटी एकामागून एक अरुंद साच्यांतून दाबून लांब नळकांडे बनवतात. मग आत शिसे दाबून टोकाला आकार देतात. पत्रा एका कडेला किंचित जाड असेल, दाबणारा दांडा साच्याच्या मध्यावर नसेल, साचा झिजला असेल, तर तो दोष प्रत्येक गोळीत उतरतो. पहिल्या हजारात साचा नवा असतो, पुढे तो झिजत जातो. पेटीवरचे नाव मात्र झिजत नाही.

निशाणावर मारायच्या गोळीपेक्षा शिकारीची गोळी बनवणे अवघड, हेही लक्षात घ्या. निशाणाच्या गोळीने कागदाला भोक पाडले की तिचे काम संपले. शिकारीच्या गोळीने जनावराच्या अंगात शिरून फुलासारखे उमलावे लागते, म्हणजे जनावर तडफडत न पडता तत्काळ मरते. म्हणून तिचे टोक मऊ ठेवतात, खोळ पुढे पातळ आणि मागे जाड करतात, कधी टोकाला प्लास्टिकची चोच बसवतात. जितके भाग अधिक, तितके मध्य चुकण्याचे प्रसंग अधिक. शिवाय बऱ्याच गोळ्यांना उमलायला सेकंदाला साधारण साडेपाचशे मीटरचा वेग लागतो. लांबवर जाऊन वेग मंदावला की ती उमलत नाही, सुईसारखी आरपार जाते, आणि जखमी जनावर कुठल्या तरी नाल्यात दोनतीन दिवस मरत पडते. पाचशे-सहाशे मीटरवरून जनावर मारण्याची जी हौस परदेशांत वाढली आहे, तिच्याविषयी माझे मत यामुळेच वाईट आहे. गोळी कुठे जाईल याची खात्री ज्याला नाही, त्याने जवळ जावे. जवळ जाता येत नसेल तर घरी जावे.

त्या चोचीची एक मौज सांगतो. कोणती गोळी हवा किती सफाईने कापते, याचा एक आकडा पेटीवर छापलेला असतो आणि लांबचा शिकारी त्यावर सगळा हिशेब बांधतो. हॉर्नाडी या अमेरिकन कारखान्याने गोळीच्या वाटचालीवर रडार रोखले आणि २०१५ साली जाहीर केले की, वेगवान गोळीची प्लास्टिकची चोच हवेच्या घर्षणाने तापून मऊ पडते आणि गोळीचा आकार वाटेतच बदलतो. आकार बदलला की आकडाही बदलला. वर्षानुवर्षे लोक तो आकडा प्रमाण मानून चालले होते. त्यांनी मग अधिक उष्णता सोसणारी चोच काढली आणि तिच्या मालाची जाहिरातही केली, हे ओघानेच आले.

आता प्रश्न असा की, हा माल तपासायचा कसा? इथे गोळीची तऱ्हा घड्याळाहून किंवा कुलपाहून निराळी आहे. कुलूप उघडून पाहता येते. गोळी चांगली होती की नाही, हे ती झाडल्यावर कळते, आणि झाडल्यावर ती उरत नाही. सगळ्या तपासल्या तर विकायला काही राहणार नाही. म्हणून ‘शितावरून भाताची परीक्षा’. पण ही म्हण आपण फार सैलपणे वापरतो. भात सारखा शिजला असेल तरच एक शीत पुरते. खालचा करपला आणि वरचा कच्चा राहिला असेल, तर वरचे शीत खोटे बोलेल. तळाची, मधली, कडेची, सगळीकडची शिते घ्यावी लागतात, आणि मुख्य म्हणजे चुलीवरचा जाळ भात शिजेपर्यंत एकसारखा होता की नाही, हे पाहावे लागते.

हा जाळ पाहण्याचे शास्त्र १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी एका साध्या आलेखावर मांडले. यंत्रातून निघणाऱ्या मालात थोडा फरक पडणारच. तो नेहमीचा फरक कोणता आणि काही बिघडले म्हणून पडलेला फरक कोणता, हे दोन रेघांच्या मदतीने ओळखायचे. माल बिघडल्यावर निवडून टाकण्यापेक्षा बिघडू लागताच यंत्र थांबवायचे. महालनोबिसांच्या निमंत्रणावरून हे श्यूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात आपल्याकडे येऊन गेले आणि आपल्या कारखान्यांत या विद्येचा पाया पडला. साचा झिजतो आहे हे त्या आलेखावर आधी दिसते, गिऱ्हाइकाच्या निशाणावर नंतर. आलेख मांडलाच नाही, तर आधी कोणालाच दिसत नाही.

पण फसवणूक कारखानदारच करतो असे नाही. शिकारी स्वतःचीही करतो. तो तीन गोळ्या झाडतो, त्या जवळजवळ पडतात, आणि कागद खिशात घालून गावभर दाखवतो. गणित असे सांगते की, त्याच बंदुकीने आणि त्याच गोळ्यांनी दहा बार काढले तर पुंजका जेवढा पसरेल, त्याच्या शेकडा ६३ एवढाच पसारा तीन बारांचा सरासरीने येतो. पाच बारांचा शेकडा ८०. म्हणजे कमी झाडल्या की बंदूक आपोआप चांगली ठरते! त्यातून पाच वेळा तीन-तीन झाडून सर्वांत बरा कागद तेवढा जपून ठेवला, तर विचारूच नका. परीक्षेतले एकाच विषयाचे गुण दाखवणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

जे खरोखरच्या स्पर्धेत उतरतात त्यांना हा विलास परवडत नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. या स्पर्धेतल्या निशाणाच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर; आपल्या शर्टाच्या गुंडीएवढा. या पातळीवरचे नेमबाज नुसते नाव पाहून काडतुसे घेत नाहीत. आपली रायफल घेऊन बर्मिंगहॅमसारख्या ठिकाणी कारखान्याच्या परीक्षागृहात जातात. तिथे नळी शिकंज्यात घट्ट आवळतात, एकेका घाणीतली काडतुसे त्यातून झाडतात, आणि जी घाणी त्या नळीला मानवेल तिच्या पेट्या एकगठ्ठा विकत घेतात. घाणी हा शब्द मी तेलाच्या व्यवहारातून घेतला आहे. एका वेळी, एका यंत्रावर, एका मालातून निघालेला तो एक घाणा. नाव एकच असले तरी दोन घाणे वेगळे, हे त्या धंद्यात उघडपणे मान्य आहे. सामान्य गिऱ्हाइकाला मात्र ते कोणी सांगत नाही.

कारखान्यातून माल चांगला निघाला म्हणजेही सुटका नाही. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेत एक विचित्र गोष्ट आढळली. पावसाळ्यात काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकत. त्या कोणी झाडलेल्या नसत, आपटलेल्या नसत. पेटी उघडली की मानेपाशी चीर पडलेली दिसे. काडतुसे पुष्कळदा घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि साच्यात दाबताना पितळात कोंडून राहिलेला ताण, या तिघांनी मिळून ते पितळ फोडले होते. १९२१ साली हे कोडे शास्त्रीय रीतीने उलगडले गेले, आणि पुंगळ्या बेताच्या आचेवर तापवून तो ताण काढून टाकणे हा त्यावरचा उपाय ठरला. तोवर किती शिपायांनी काडतूस नीट न ठेवल्याबद्दल बोलणी खाल्ली असतील, त्याची नोंद कोण ठेवणार?

आणि इथेच मी आबांकडे परत येतो. फ्रँकलिन मॅन नावाचा एक अमेरिकन डॉक्टर होता. गोळी भरकटते का, या एका प्रश्नापायी त्याने आयुष्याची कित्येक वर्षे आणि पुष्कळसा पैसा घालवला. १९०९ साली त्याचे पुस्तक निघाले. त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल? माणूस बाजूला काढला. सिमेंटचा अजस्र ओटा बांधून त्यावर नळी बसवली. खांदा नाही, श्वास नाही, डोळा नाही. तरी गोळ्या पसरल्या. तेव्हा दोष गोळीत आहे, हे त्याला छातीठोकपणे म्हणता आले. मग त्याने गोळ्यांच्या बुडाला मुद्दाम खाचा पाडून, त्या कुठे जातात ते पाहिले.

आबांना सिमेंटचा ओटा कोण बांधून देणार? त्यांच्याजवळ दरड होती, कागद होता आणि स्वतःचा खांदा होता. गोळी पेटीतून निघते, पेटीवर छाप असतो, दुकानदाराजवळ पावती असते. तेव्हा चुकला असेल तर माणूसच, असे त्यांनी धरले. त्यांच्या पिढीने छापील गोष्टीवर असाच विश्वास ठेवला.

नोकरी लागल्यावर, हे हिशेब कळू लागल्यावर, मला एका रात्री एकदम आठवले की त्या दिवशी आबांनी झाडलेल्या सात काडतुसांपैकी काही जुन्या पेटीतली होती. चामड्याच्या पट्ट्यात जुनी उरलेली दोनचार आणि नवी, अशी मिसळून खोचलेली होती. हे मी स्वतः पाहिले होते. तीन भोके एका रुपयाखाली आणि चार कागदभर! मी रजा काढून गावी गेलो. आबा तेव्हा हयात होते, ऐंशीच्या घरात. रायफल आणि उरलेली काडतुसे त्यांनी केव्हाच पोलीस ठाण्यात जमा करून परवाना रद्द करून घेतला होता. कागद मात्र त्यांनी गीतेच्या पोथीत घडी घालून ठेवला होता. का, ते मी विचारले नाही. आणि माझ्या पेटाऱ्यात, सुतळीत ओवलेल्या, त्या सात पुंगळ्या होत्या.

मी त्या कंदिलाजवळ नेऊन भिंगाने पाहिल्या. तिघींच्या बुडाचे छाप एका सालाचे होते, चौघींचे दुसऱ्या सालाचे. तीन आणि चार. मी धावत ओट्यावर गेलो आणि आबांना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, सातही पुंगळ्या हातात घेऊन पाहिल्या, आणि विचारले, “कोणती पुंगळी कोणत्या भोकाची?”

पंधरा वर्षांच्या मुलाने ते लिहून ठेवले नव्हते. बार होत होते तशा मी त्या वेचल्या आणि एका खिशात घातल्या होत्या.

“मग तुले कसं समजनं?” आबा म्हणाले, आणि त्यांनी पुंगळ्या मला परत दिल्या.